तिरपी चाल

उकंडराव माझ्या बरोबरीने कधी चालले नाहीत, आणि सरळ पाठोपाठही नाहीत. डोणगावच्या शाळेत मास्तर असताना मी संध्याकाळी मेहकरच्या रस्त्याने फिरायला निघायचो. ते यायचे, पण वीस पावलं मागे आणि माझ्या उजव्या खांद्यापासून तिरपे, पार बांधाच्या कडेने. त्यामुळे आमच्या गप्पा म्हणजे आरडाओरडाच. आधी मला वाटलं, मास्तरांचा मान राखतात. मग पाहिलं तर बैलगाडीच्या मागेही ते तसेच चालायचे.

दुसऱ्या महायुद्धात ते सरकारी जहाजावर होते. परत आल्यावर पारावर पाटलांनी विचारलं, "कोन्तं काम करत होता रे तिकडं?"

"सुरुंगाच्या जहाजावर होतो."

आमच्याकडे सुरुंग ठाऊक तो एकाच कामाचा, विहिरीतला खडक फोडायचा. पाटील म्हणाले, "समुद्रात विहीर काऊन खांदली बे? तिथं तं पानीच पानी हाये." सगळा पार हसला. उकंडरावही हसले, आणि पुन्हा कधी पारावर बसले नाहीत. गावाने मात्र 'सुरुंगवाले' हे नाव त्यांना चिकटवून टाकलं.

मला त्यांनी एकदा नीट समजावलं. रस्त्याच्या धुळीत तुराटीच्या काडीने रेघा ओढल्या. जहाजं उडवायला शत्रू पाण्याखाली सुरुंग दोराने बांधून ठेवतो. आपण जहाजाच्या एका अंगाने लांब तार ओढत न्यायची. ती सुरुंगाचा दोर कापते, सुरुंग वर येतो, मग तो बंदुकीने फोडायचा. मागच्या जहाजाने पुढच्याच्या तिरपं राहायचं, तार फिरून गेलेल्या पट्ट्यात.

"झाडल्या पान्यातून चालाचं, मास्तर. त्याच्या भाईर नाई जाचं."

"आणि सगळ्यात पुढच्याचं पाणी कोण झाडतं?"

"कोनी नाई," ते म्हणाले. तुराटी फेकली आणि मी पुढे होण्याची वाट बघत उभे राहिले.

एका उन्हाळ्यात पाटलांच्या नव्या विहिरीत सात बार भरले, सहाच उडाले. सातवा आत दबून राहिला. गडी खाली उतरेनात, म्हणून पाटलांनी सुरुंगवाल्यांना बोलावणं धाडलं. मला रागच आला. मी म्हटलं, "हा सुरुंग तुमचा नव्हे, सरळ सांगून टाका." त्यांनी ऐकलं नाही. दारू भिजावी म्हणून दोन दिवस वरून पाणी ओतायला लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी धोतर खोचून काठावर आले, तेव्हा मी त्यांचं कोपर धरलं. खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ ते पहिल्यांदाच उभे होते.

"आमची दोन जहाजाइची जोडी होती," ते हळू म्हणाले. "एक दिवस ते पुढं, एक दिवस आमी. त्या दिवशी पाळी आमची होती. आमची तार गुतली, म्हून ते पुढं झालं."

"मग?"

"मंग काय. पानी वर उडालं. जहाज नाई राह्यलं." मग म्हणाले, "त्याच्यावरचा एक गडी रोज सकाळी मले टोपी हालवून दाखवे. मी बी हालवो. नाव नाई मालूम त्याचं. आता कोनाले इचारू?"

त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं.

"आज माही पाळी हाये, मास्तर. सोडा हात."

मी सोडला. ते उतरले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. वर आले तेव्हा उपरण्यात भिजून चिखल झालेली काळी दारू होती. "झाडलं," एवढंच म्हणाले.

पाटलांनी नारळ फोडला. गावाला आपला सुरुंगवाला खरा ठरल्याचा आनंद झाला. समुद्राबद्दल कोणीच काही विचारलं नाही.

पुढे माझी बदली खामगावला झाली. काही वर्षांनी पोस्टकार्ड आलं, 'सुरुंगवाले वारले.' त्यातही त्यांचं नाव नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आजही मला ते दिसतात ते विहिरीवरून परतताना. त्या दिवशी ते पुढे चालत होते. मी न सांगता मागे राहिलो, वीस पावलं, तिरपा. नाल्यापाशी त्यांनी एकदा वळून पाहिलं. मी असा का चालतोय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हलवली.

मीही माझी काढून हलवली.