राखेखालचं पंचिंग मशीन

निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात, मी कागदाला भोकं पाडायच्या पंचिंग मशीनचं चित्र काढायला बसले. परळीतल्या एका कचेरीत उभा जन्म गेला, शेवटची दहा वर्षं अधिकारी म्हणून. टेबलावरच्या वस्तूंशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढं येईचना. नवरा म्हणाला, "अगं, डोंगर काढ, मोर काढ!" मी म्हटलं, "मोर काय माझ्या टेबलावर बसत होता?"

चार महिने झाले तरी चित्र जमेना. माप बरोबर, रंग बरोबर, पण मशीन आपलं दुकानाच्या काचेतलं वाटायचं. खरं सांगते, रडू यायचं. हे शेवटचं, नाही जमलं तर ब्रश माळ्यावर टाकायचे आणि सह्या करण्यापलीकडं आपल्याला काही येत नाही, हे एकदाचं कबूल करायचं, असं ठरवलं होतं.

एक दिवस आमच्या कचेरीतले शिपाईमामा भेटायला आले. तेही आता निवृत्त. त्यांना चित्र दाखवलं. मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावरली राख कुठं हाय?"

"माझ्या टेबलावर कधी राख नव्हती!" मी तडकलेच.

"कशी दिसंल? तुमी दहाला यायच्या, मी नऊलाच फडकं मारायचो. सारी परळी वीज केंद्राच्या राखेनं करडी, अन् तुमचं टेबल तेवढं लखलखीत. कशापायी, ते कदी इचारलं न्हाई तुमी."

नव्हतं विचारलं. धूळ दिसली की ओरडले होते, पुसलेलं दिसलं म्हणून कधी बोलले नव्हते. लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मामांना शेजारी बसवून नव्यानं सुरुवात केली. ते चहा पीत चुका काढायचे. "खाचेतली राख फडक्यानं निघत न्हाई, तिथं मी फुंकायचो." जन्मात कुणाचं ऐकलं नाही ती मी मुकाट्यानं ऐकायची.

शेवटी अर्धं मशीन राखेत ठेवलं, अर्ध्यावर नुकतंच फडकं फिरलेलं. मामांनी ते जवळून बघितलं, खिशातून फोन काढला आणि बायकोला सांगितलं, "आगं, लवकर ये इकडं. मॅडमनी माझं चित्र काढलंय."