भुलीच्या डॉक्टरीणबाई

आमच्या नाशिक रोडच्या दवाखान्यातल्या भुलीच्या डॉक्टरीणबाई माझ्यासारख्याच अंगाने भरलेल्या. बोलायच्या आधी स्टूल ओढून बसणार, चष्मा कपाळावर चढवणार. कॅन्सरमुळे माझं गर्भाशय काढायचं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, “आजी, घोरता का?”

“छे,” मी म्हटलं. सुनेसमोर काय सांगणार?

“मी घोरते. आमचे हे हॉलमध्ये झोपतात. वजन जास्त असलं की भुलीनंतर श्वास अडकू शकतो, म्हणून विचारते.”

मग मी म्हटलं, “भिंती हलतात हो.” सून पदराआड हसली.

ऑपरेशननंतर डोळे उघडले, तर उशाशी स्टूल ओढून त्याच बसलेल्या. म्हणाल्या, “नुसत्या भिंती नाही, आजी. खिडक्यासुद्धा.”