निवट्यांची राख

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. बारावी सायन्स शिकलेय, तेही डोंबिवलीत! त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही...

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. ठाण्याला खाडीकाठी आमचं घर, मागच्या दारातून चार दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. भरतीचं शेवाळ, वर मासळीची बुळबुळ. सासूबाई, म्हणजे आमची आय, रोज सकाळी पायऱ्यांवर चुलीतली राख टाकून करवंटीने खरवडायची. निवट्याही त्याच राखेत घोळायची. चिखलातला हा मासा एवढा बुळबुळीत, की राखेशिवाय हातात ठरतच नाही.

मी हट्टाने गॅस आणला. आयने चूल मोडू दिली, पण राखेचा डबा जपून ठेवला. "तुजा ग्यास राख देतंय काय गो? पाय सरकल तवा मना हाक मार," म्हणायची. पुढे ती गेली. तेरावं झालं आणि मी डबा खाडीत रिकामा करून भंगारवाल्याला दिला. घर कसं स्वच्छ वाटलं!

त्या पावसाळ्यात मला सातवा महिना होता. एका दुपारी, नुकतीच ओहोटी लागलेली, नवरा होडीतून निवट्यांची टोपली उचलत ओरडला, "घे गो!" मी उतरले आणि तिसऱ्या पायरीवर पाय सटकला... पोटातल्या बाळाशिवाय दुसरं काही सुचलं नाही. तोंडून निघालं — "आये!"

पाय जागीच थांबला. खाली पाहिलं तर पायरीवर राख. ओल्या दगडावर कोरडी... आणि कोमट.

नवऱ्याने सगळ्या शेजाऱ्यांना विचारलं. "आमच्याकडं स्टो नि ग्यास, राख कुठशी येल?" सगळ्यांचं एकच उत्तर.

मी पोटभर रडले. मग — खरं सांगते — ती राख पदरात भरली आणि निवट्या तिच्यातच घोळल्या. जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "कालवन आयच्या हातचं झालंय."

मुलगी त्याच पायऱ्यांवर उड्या मारत मोठी झाली. आमचं छान चाललंय. राख कुठून आली, ते मला आजही सांगता येत नाही. उरलेली मूठभर एका पावडरच्या डब्यात ठेवलीय. सायन्सवालीने खरं तर ती टाकून द्यायला हवी... पण सासूशी दोनदा भांडायची माझी छाती नाही.