ओल्या पावडरचं वजन

नणंदबाईंचा तोरा काय सांगावा! औषधाच्या कारखान्यात नणंद-भावजय शेजारशेजारच्या टेबलांवर काम करायच्या, आणि तिथे हिला चिकटवलं होतं वहिनीनेच. काम दोघींचं सारखंच. शंभर ग्रॅम कच्चा माल घ्यायचा, त्यात रसायन घालून तापवायचा, गार झाला की खडे गाळायचे, वाळवायचे आणि तोलायचे. हिशेबाने त्यातून एकशेतीस ग्रॅम पावडर निघायला हवी. पण ते कागदावर! प्रत्यक्षात थोडी भांड्याला चिकटते, थोडी पाण्याबरोबर वाहून जाते. वहिनीची पावडर एकशेचार ग्रॅम भरायची, म्हणजे ऐंशी टक्के. नणंदेची एकशेसत्तावीस. जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के!

मग काय, बाईसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. "अगं, ओव्हनमध्ये अजून थोडा वेळ राहू दे," वहिनी म्हणाली, तर "तुमच्या का पोटात दुखतंय?" म्हणून ही मोकळी. वर घरी जेवताना आईला सांगितलं, "वहिनींच्या हाताला गळती लागलीय!" आई खो खो हसली. वहिनीही हसली. तेव्हापासून वहिनीने पाण्याचा तांब्या उचलला तरी आई तोच विनोद करायची. इकडे कारखान्यात साहेबांनीही आकडे पाहिले आणि वहिनीला टेबलावरून काढून बाटल्या धुवायला बसवायचं ठरवलं.

तेवढ्यात गिऱ्हाईकाकडून माल परत आला. डब्यात पावडरचे गोळे झाले होते, आणि डब्यावर सही नणंदेची. आज तोललेली आपली पावडर तिने पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली, काढून तोलली, पुन्हा ठेवली. वजन उतरत उतरत एकशेएकवर थांबलं. बाकी सगळं पाणी! म्हणजे अठ्ठ्याहत्तरसुद्धा टक्के नाहीत, वहिनीपेक्षाही कमी. ओव्हनपाशी थांबायचा कंटाळा, दुसरं काय! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याने केली. वहिनीचं टेबल वाचलं. नणंदेला वाटलं, चला, सुटले.

घरी वहिनी पाणी वाढत होती. "सांडशील गं, गळकी कुठली!" आई म्हणाली, आणि वहिनी नेहमीसारखं हसली. ते हसू बघून नणंदेने हातातला घास ताटात ठेवला. इतके दिवस ती समोर बसून हेच बघत होती.

"आई, त्यांना असं बोलू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "त्यांचं काहीच सांडत नव्हतं. मीच ओली पावडर तोलून मिरवत होते. वहिनी, चुकलं माझं."

"म्हणजे? मला काही कळेल असं सांगाल का?" आईने विचारलं.

वहिनीने तांब्या खाली ठेवला. "म्हणजे, आई, मला त्या विनोदाचं हसू कधीच आलं नव्हतं," ती म्हणाली.