‘कनेक्टिंग’ म्हणून विकलेली दोन तिकिटं

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या बहिणीवर आणि तिच्या दोन लेकरांवर. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. नातेवाईक त्याला ‘गैरसोय’ म्हणतात. गैरसोय कसली, फसवणूक!

दाजी मस्कतला नोकरीला. धाकट्या भाच्याचा पासपोर्ट रखडला, निघणं लांबलं, त्यामुळे ताईच्या आणि लेकरांच्या व्हिसावर तिकडे पोचायचा तो शेवटचा दिवस होता. चुकला की व्हिसा बाद, अर्ज पुन्हा पहिल्यापासून. धुळ्याच्या तिकीटवाल्याला ताईने हे माझ्यासमोर बजावलं होतं. तो हसून म्हणाला, “कनेक्टिंग शे ताई. जळगावहून मुंबई, मुंबईहून मस्कत. बठ्ठं व्हई जाई.” म्हणजे सगळं होऊन जाईल.

मुंबईपर्यंत मी सोबत होते. जळगावच्या काउंटरवर ताईने विचारलं, “बॅगा थेट मस्कतलाच मिळतील ना?”

“मुंबईत घ्या मॅडम. पुढचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं आहे. आम्हाला ते दिसतही नाही.”

मी तिथूनच तिकीटवाल्याला फोन लावला. “भाऊ, ही तर दोन वेगळी तिकिटं!”

“मंग? एक विमान उतरस, दुसरं उडस. मधमा टाइम ठेवेल शे. कनेक्टिंगच ना!” वर माझ्या मोर्चे-आंदोलनांवरून टोमणा, “तू मोर्चा काढ. विमानातलं तुले काय समजस?”

टाइम ठेवला होता, खरंय. हातात एक पिशवी घेऊन पळणाऱ्या एकट्या माणसाचा. लेकरं त्यात धरलेलीच नव्हती. आणि जळगावला आमचं विमानच उशिरा आलं. ताई पूर्ण वेळ दुसऱ्या तिकिटावरची वेळ पुन्हा पुन्हा बघत होती. भाचीने एकदा विचारलं, “आपण जाईपर्यंत पप्पा झोपतील का?”

मुंबईत पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा फिरत होत्या, आमची एक येईना. धाकट्याला नेमकी तेव्हाच शू लागली. ताई त्याला घेऊन पळाली, मी पट्ट्यापाशी, भाची माझ्या ओढणीला धरून. शेवटी बॅग आली. मग कळलं, मस्कतचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतं. टॅक्सी, सिग्नल, पुन्हा सिग्नल. धाकटा मांडीवर झोपून गेला.

टर्मिनलच्या दारावर जवानाने मला अडवलं. तिकीट नाही तर आत नाही. त्याचं बरोबरच होतं. ताई एकटी आत गेली. खांद्यावर झोपलेला पोरगा, एका हाताने ढकललेली ट्रॉली, ट्रॉलीला धरून भाची. मला लावलेला फोन तिने चालूच ठेवला होता.

“काउंटर बंद झाला, मॅडम.”

“अहो, विमान अजून उभं आहे ना? त्यांना फोन करून सांगा, आलोय म्हणावं. पाच मिनिटं थांबतील ते.”

ताईचं माहेर अमळनेर, सासर साक्री. अमळनेरची एसटी लेट झाली, तर धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या शेवटच्या गाडीचा कंडक्टर विचारतो, “अमळनेरवाली उनी का?” आणि थांबतो. तिच्या आयुष्यात जोडगाडी म्हणजे हे. तिकीटवालाही त्याच स्टँडच्या आसपास वाढलेला. ‘कनेक्टिंग’ म्हटल्यावर तिला काय ऐकू येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो शब्द वापरला!

फोनवर काउंटरवाल्याचं उत्तर ऐकू आलं, “तुमचं आधीचं विमान लेट झालं, त्याला आम्ही काय करणार? आमच्याकडे तुम्ही आलाच नाहीत, असं दिसतंय.”

मग फोनवर भाचीचा आवाज, “मम्मी, आपण आलोय ना?”

पहिली कंपनी म्हणाली, आम्ही मुंबईला पोचवलं, आमचं काम संपलं. तिकीटवाल्याने फोन उचलणं बंद केलं. व्हिसा गेला. भाची परत साक्रीच्या शाळेत बसते, नवा अर्ज पडून आहे, दाजी तिकडे एकटे.

आता तुम्ही. लेकरं घेऊन निघणार असाल, तर दुकानातच विचारा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का? बॅग कुठे हातात पडणार? पहिल्याला उशीर झाला, तर दुसऱ्यात बसवायची जबाबदारी कुणाची? तिकिटं वेगळी असतील, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. आणि उत्तरं तोंडी घेऊ नका, त्याच्या सहीने लिहून घ्या. लिहून देत नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि खुर्चीवरून उठा.