ॲम्ब्युलन्सची नऊ भोकं

साखळीत माझं पत्रेकामाचं गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त होऊन जातात, किस्से मात्र कोणी परत नेत नाही. ते साठतच राहतात! एरवी एका गाडीमागे एखादा किस्सा. पेडण्याजवळच्या पार्से गावातल्या सदाभायच्या गाडीने मात्र मला महिनाभर नुसते धक्केच दिले.

सदाभाय निवृत्त पोस्टमास्तर. त्याने लिलावात जुनी ॲम्ब्युलन्स घेतली. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची, कॅम्पर करायचा आणि बायकोला घेऊन देश बघायचा, असा बेत. लिलावाआधीच गाडीवरचे दिवे आणि सायरन उतरवले होते. मागे राहिली नऊ भोकं! ती झाकायचं काम माझ्याकडे आलं.

*

पहिल्या दिवशी पेडण्याहून गाडी घेऊन आला तो घामाघूम.

"काय झालां सदाभाय?"

"अरे, लोक वाट सोडतत! बस बाजूक, ट्रक बाजूक! म्हापशात लग्नाची वरात थांबली, बँड बंद!"

दिवा नाही, सायरन नाही, पण गाडी पांढरी आणि बाजूला लाल पट्टा. लोकांना तेवढं पुरे झालं.

"एका म्हाताऱ्यान माका हात जोडले. मी पण जोडले. हातात भजी-पाव होतो!"

*

माझा कारागीर बसू बेळगावकडचा. पंचवीस वर्षं पत्रा ठोकतोय, कशाला म्हणून घाबरत नाही. छतावरच्या मोठ्या भोकात त्याने माप घ्यायला बोट घातलं आणि तिथून जी उडी मारली ती थेट रस्त्यावर!

"मालक, गाडी चावली की हो!"

सायरनच्या जागी गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. बसू, सदाभाय आणि मी धावत गाडीतच शिरलो आणि दारं, काचा गच्च लावून घेतल्या. जरा हुश्श केलं. मग बसू वर बघून हळूच म्हणाला, "मालक, भोक आतनं पण उघडंच हाय की!"

*

छोट्या भोकांसाठी सदाभायने स्वतःच शक्कल लढवली. घरच्या काजू फेणीच्या बाटल्यांची बुचं! नीट ठासून बसावीत म्हणून त्याने ती आठवडाभर फेणीतच भिजत घातली आणि मग भोकांत ठोकली.

भर उन्हात नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली. सदाभायने काच खाली केली आणि पोलीस दोन पावलं मागे सरकला. यंत्रात फुंकायला लावलं, तर यंत्र काहीच दाखवेना. पुन्हा फुंकायला लावलं, तरी तेच. पोलिसाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"साहेबा, मी थेंबय घेवक नाय," सदाभाय म्हणाला. "गाडयेन घेतल्यान!"

गॅरेजात आम्ही पाण्याचा पाइप सोडून बघितला, तर सगळी बुचं टपाटप आत पडली. नऊही भोकांना पत्रा मारण्यावाचून इलाज नव्हता.

*

खरा धक्का वेगळाच होता. सदाभायची बायको शालनवयनी एकदा गाडी बघायला आली. आतला पलंग बघितला, पडदे बघितले, शेगडी पेटवूनही बघितली. ती सगळं बाहेर उभी राहून, हात लांब करून!

"वयनी, चढा की!"

"मी तेच्यात पाय ठेवचंय नाय."

मला वाटलं, थट्टा करतेय. मग ती सावकाश बोलली. "माजी आय अशाच गाडयेतसून पणजेक गेली. मी हात धरून बसलेलंय. परत येताना मी एकटीच इलंय."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सदाभाय तर पार खचला. ती रिक्षाने निघून गेल्यावर म्हणाला, "ती बसली नाय तर गाडी विकतंय. एकटो खंय जाव?"

*

आणि आता हे ऐका.

एक दिवस मी म्हापशाला सामान आणायला गेलो होतो. गोल पत्रे कापत बसण्यापेक्षा सदाभायने माळ्यावरच्या नऊ छोट्या स्टीलच्या ताटल्या बसूला आणून दिल्या. घरात पडून आहेत, कोण वापरतं! बसूने भोकांवर त्या उपड्या ठेवल्या, रिबिटा मारल्या, कडेने सीलंट फिरवलं. काम एकदम फर्स्टक्लास! ताटल्यांच्या पाठीवर काहीतरी कोरलेलं होतं. पण बसूला वाचता येतं ते कन्नड. त्याला ती नक्षी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचलं आणि सदाभायला ओढतच गाडीपाशी आणलं. नऊच्या नऊ ताटल्यांवर तेच: 'चि. शालन हिला लग्नात आईकडून.'

"सदाभाय, हे काय केलंस!"

तो वाचायला वाकला आणि पांढराफटक पडला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. वयनी! घरी माळा रिकामा बघून ती तडक इथेच आली होती. सदाभाय एका ट्रकमागे गेला. बसू बिचारा ड्रिल घेऊन पुढे झाला. "काढतो वयनी, आत्ता काढतो!"

"हात लावशीत तर बघ!"

मागच्या दाराशेजारची ताटली तिच्या डोळ्यांसमोरच होती. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. पदराने वरची धूळ पुसली. मग पुढे गेली, दार उघडलं, चढली आणि सीटवर बसली.

"अवो, खंय लपलात?" ती आतून ओरडली. "चला बेगीन! आय कवाची भायर उबी आसा!"