कपाळावरचा ठिपका

परवा भाचा कंप्युटरवर अक्काचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोटो घेऊन बसला होता. भिंतीवर लावायला मोठा करायचा होता. त्यानं आधी रंग काढून टाकले, काळं-पांढरं ठळक केलं, मग कुठल्याशा यादीतून 'हाफटोन' निवडलं. चेहऱ्याचे एकदम ठिपकेच ठिपके झाले. 'मामा, जुन्या पेपरासारखं दिसतं की नाही?' म्हणाला. मग बाण कपाळाजवळ नेऊन म्हणाला, 'हा एक ठिपका जरा मोठा झालाय, उडवतो.'

'हात लावू नको त्याला!' मी इतक्या जोरात ओरडलो की पोरगं खुर्चीतून उठलंच.

त्याला काय सांगणार? हे ठिपके मी बटण दाबून शिकलो नाही. विद्यापीठ नामांतराच्या दिवसांत मी परभणीच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात होतो. फोटो छापायचा तर तो औरंगाबादला पाठवून जस्ताचा ठसा करून आणावा लागे. तिथं तो फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपत, त्यामुळं त्याचे ठिपके होत. अंधाराच्या जागी जाड, उजेडाच्या जागी बारीक. लांबून चेहरा, जवळून नुसता गोवर. शाई जरा जास्त झाली की ठिपके एकमेकांना चिकटत आणि डाग पडे.

तेव्हा सगळा अंक बंद-मोर्चांच्या बातम्यांनीच भरलेला असायचा. एकदा आतल्या पानावर जागा उरली म्हणून बालवाडीच्या बायकांच्या परभणीतल्या मेळाव्याचा फोटो लागला. त्यात पुढं हार घातलेले पाहुणे, कडेला बंदोबस्ताचा हवालदार आणि मागच्या रांगेत अक्का होती, माझी थोरली बहीण. बोरीच्या अलीकडं एका खेड्यात तिचं सासर. नवरा गेल्यावर तिथंच राहून ती बालवाडी चालवायची आणि एकुलत्या लेकराला वाढवायची. तिला पेपरात बघून मी खूश झालो. खूश व्हायला काय जातंय!

अंक गावात पोचला आणि लगेच सासरहून सांगावा आला: येऊन बहिणीला घेऊन जा.

मी गेलो तर अंगणात तिचे सासरे, आप्पा, बाजेवर बसलेले. भोवती भावकी. मधे तोच अंक. आप्पांनी फोटोवर बोट ठेवलं. अक्काच्या कपाळावर मोठा काळा ठिपका होता.

'रांडमुंड बाई कुकू लावून परभणीत मिरवायलीय,' भावकीतला एकजण म्हणाला.

आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, 'पावणं, तुमची बहीण तुमी न्या. नातू आमचा हाय, तो हितंच ऱ्हाईल.'

अक्का दारात खाली मान घालून उभी होती. अंक आल्यापासून आप्पांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि आता लेकरू तोडायला निघाले होते, तेही शाईच्या एका डागापायी! माझं डोकंच फिरलं. प्रूफं बघायचं भिंग कायम माझ्या खिशात असायचं, ते काढलं.

'आप्पा, हे कुकू न्हाई, ठिपका हाय. बघा. आता ह्या हवालदाराचं कपाळ बघा.'

हवालदाराच्या कपाळावरही डाग होता. हार घातलेल्या पाहुण्यांच्या नाकावर होता. भिंग हातोहात फिरलं.

'आयला, हवालदार पण कुकू लावायलाय का!' कुणीतरी म्हणालं आणि सगळं अंगण हसलं. मघाशी रांडमुंड म्हणणारा गृहस्थ तर सर्वांत जास्त हसला. आप्पांनी परत परत बघितलं. 'मंजी मशिनीचा दोष,' ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. 'सूनबाई, च्या ठिवा.'

मी जग जिंकल्यासारखा अंक आणि भिंग घेऊन आत गेलो. अक्का रडेल, निदान डोक्यावरून हात तरी फिरवेल असं वाटलं होतं. चहाचं आधण ठेवून ती म्हणाली, 'ते भिंग दे इकडं.' चुलीच्या उजेडात तिनं फोटो बराच वेळ बघितला.

'हवालदाराचा ठिपका असंल. माझं कुकूच हाय.'

'काय म्हणतीस?'

'ष्ट्यांडवर उतरल्यावर लावलं. माघारी यष्टीत बसताना पुसलं.'

'कुणी लावायला सांगितलं?'

'कुणी न्हाई. मला वाटलं.'

तिनं चहा उतरवला. 'ते गेले तवा बायांनी पुसलं,' ती म्हणाली. 'आज तू पुसलंस. सगळ्यांम्होरं, भिंग लावून.'

वाचवायला आलो होतो मी! मला रागच आला. 'अक्का, गप बस. लेकराचा तरी इचार कर.'

तिनं भिंग माझ्या हातात दिलं, कप भरले. मग कोनाड्यातला जावेचा कुंकवाचा करंडा उघडला आणि कपाळावर बोट टेकवलं. मी हात धरायला पुढं झालो तोवर ती चहा घेऊन अंगणात गेली होती.

हसणं जागच्या जागी थांबलं. कुणाचाच हात कपाकडं जाईना. आप्पांपुढं ती कपबशी धरून उभी राहिली. चहा बशीत सांडत होता. संपलं, लेकरू गेलं, असं माझ्या मनात आलं.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्यापुढं हात केला. 'पावणं, भिंग द्या.'

मी दिलं. म्हातारा ते डोळ्याला लावून सुनेच्या कपाळाकडं वाकला. लालभडक, घाईत तिरकं लागलेलं कुंकू. ते तर वेशीवरूनही दिसलं असतं. त्यांनी नीट बघितलं, भिंग बाजेवर ठेवलं, तिच्या हातातली कपबशी घेतली आणि भावकीकडं वळून म्हणाले,

'ठिपकाच हाय.'